निथळणीची नळी

रविवारी सहाला आम्ही नदी मोजतो.
पाणी नाही. पाणी मी नोकरीत पुष्कळ मोजलं,
फुगवट्यासकट, भरतीच्या तक्त्यासकट.
आता मोजतो ती तिच्यात राहणारी मंडळी.

दहिसर नदी, पाच ठिकाणं, प्रत्येकी दहा मिनिटं.
ब्रिजित वही धरते, मी घड्याळ,
आणि लहानू भुरकूड डोळे.

पहिल्या ठिकाणी, वनाच्या कुंपणाशी, नदी अजून नदी आहे.
दगडाखाली चिंबोऱ्या, कातळावर विरोळ्याची कात,
चतुर एक निळा, एक विटकरी.
ओल्या रेतीत पंजा. चार बोटं, नख उमटलेलं नाही.
ब्रिजित हळूच विचारते, कुत्रा?
लहानू म्हणतो, कुत्रा कशाला नखं लपवील?
मग वहीत बिबट्या लिहिला जातो
आणि आम्ही तिघं जरा जवळजवळ चालू लागतो.

दुसऱ्याला धोबीघाट. तिसऱ्याला तबेल्यांचं शेण,
पाणी जाड, हिरवट, ग्लानीत.
तरी रकाने भरतात: ढोकरी तीन, बगळे सात,
चप्पल एक.
नाही, चप्पल लिहायची नाही, ठरलंय आपलं.

चौथं ठिकाण माझं.
कुणाला ठाऊक नाही, पण माझं.
ही भिंत मी आखली.
पुरानंतरच्या घाईत, वरून हुकूम,
रात्रभर पेन्सिलीला टोक काढत:
उंची साडेचार मीटर, दोन्ही तीर सरळ,
दर तीन मीटरला निथळणीची नळी, चार इंची.
जुन्या नकाशात 'मातीचा काठ' लिहिलेलं होतं.
खोडलं. खोडरबराचा चुरा फुंकला.
आवाजसुद्धा झाला नाही.

खंड्या उभ्या मातीत हातभर बीळ कोरतो
हे मला निवृत्तीनंतर कळलं.
लहानूनेच सांगितलं, बोट भिंतीकडे करून:
"हितं त्यांची चाळ होती. सात खोल्या.
बुजवली कुण्या गाढवानं."
मी घड्याळ पाहिलं. चार मिनिटं उरली होती.

पाचव्या ठिकाणी चाळीस मीटर काठ आम्ही वाचवला,
अर्ज, सह्या, वॉर्ड ऑफिसच्या बाकावरच्या दुपारी.
शाळेतल्या पोरांनी घमेल्यांनी माती ओतली,
करंज लावले, उंबर लावले,
खंड्यासाठी काठ तासून अगदी उभा केला.
दोन वर्षं तिथे फक्त मुंगूस आलं
आणि एकदा कुणाचा तरी हरवलेला पतंग.

यंदा वैशाखात खंड्या चोचीत मासोळी घेऊन
चौथ्या ठिकाणी सरळ भिंतीवर चालून गेला.
आपटणार, असं वाटलं.
नळीत शिरला.
एकोणिसावी नळी. आतून चिवचिव, करवतीसारखी.
ब्रिजितची लेखणी थांबली. लहानू हसून हसून खाली बसला.
मला हसू आलं नाही.
त्या नळीतून आषाढात काय येतं
ते या काठावर मला एकट्याला माहीत.
पिल्लं उशिराची. पाऊस कुणाची वाट बघत नाही.

भिंतीमागे सोसायटीची बाग. सेक्रेटरी पालांडे,
हातात पाण्याचा पाइप, कपाळावर आठी.
चर खणू द्या, म्हटलं. पाणी बाजूच्या नळीला वळवतो.
"पक्ष्यासाठी माझी लॉन उकरायची?
भिंत ढासळली तर? तुम्हाला काय कळतं भिंतीतलं?"

"मीच बांधलीय ती."

पाइपातून पाणी वाहत राहिलं.
माझ्या पाठीमागे लहानू उभा होता,
खांद्यावर कुदळ. त्यानं ऐकलं.
वळून बघायचं मला धाडस झालं नाही.
कुठेतरी तांबट ठोकत होता, ठोकतच होता.

मग कुदळ खाली आल्याचा आवाज.
"बरं झालं," लहानू म्हणाला,
"म्हणजे तुला ठावं असंल, किती खोल खणायचं."

ठाऊक होतं. सव्वा हात.